सावडीची शाळा आणि तटावरची म्हैस

शाळेतली नोकरी मी सोडली आणि त्याच महिन्यात मुलीलाही शाळेतून काढलं. मला शाळेने काढून टाकलं आणि त्या रागात मी मुलीला उचलून आणलं, असं आमच्या गल्लीत अजूनही काही जण मानतात. तसं काही नव्हतं. धुळ्यातल्या एका खासगी शाळेत सहा वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवत होते आणि त्यातलं निम्मं आयुष्य 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणण्यात गेलं होतं. माझी मुलगी बालवाडीतून घरी आली की बाहुल्यांना ओळीत बसवून तेच म्हणायची, आणि तेही माझ्या आवाजात. एकदा तिने एका बाहुलीला कोपऱ्यात उभं केलं. हिने काय केलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, हिने प्रश्न विचारला. त्या दिवशी मी राजीनामा लिहिला.

धुळ्यात आम्ही राहतो त्या देवपुरात आमच्यासारखीच डोकं फिरलेली आणखी तीन घरं निघाली. एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एक सरकारी दवाखान्यातल्या नर्सताई आणि एक ठिबकच्या नळ्यांचं दुकान असलेले भाऊ, ज्यांची शेती पारोळ्याच्या अलीकडे आहे. चार घरांची मिळून सहा मुलं. एकेका घराने आठवड्यातला एकेक दिवस सगळ्या मुलांना आपल्या घरी शिकवायचं आणि शुक्रवारी सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. ऋतू असेल तसा अभ्यास. शेतात जशी सावड करतात, आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू, तशी ही मुलांची सावड, असं ठिबकवाले भाऊ म्हणाले आणि तेच नाव पडलं.

पहिल्या बैठकीत मी भाषण ठोकलं. चौघांत शिकवण्याची पदवी असलेली मी एकटी, त्यामुळे मला बोलण्याचा झटका आला होता. मुलांना अक्षरं घोटायला लावू नका, मी म्हणाले. मूल तयार झालं की आपोआप वाचायला लागतं. कळी हाताने उघडायची नसते. प्राध्यापकांनी हे वहीत लिहून घेतलं. नर्सताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खरं सांगायचं तर माझी पक्की खात्री होती की घरी गेल्यावर हे कुणी ऐकणार नाही. आईबापांचा स्वभाव मला सहा वर्षांत चांगला कळला होता. सांगितलेलं ऐकत नाहीत, हीच त्यांची खूण. तिघंही आपापल्या दिवशी गुपचूप बाराखडी घेतील, मुलं वाचायला लागतील आणि माझं तत्त्वही शाबूत राहील, असा माझा हिशेब होता.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि धरणगावला राहतात. घरात ते अहिराणी बोलतात, पण रागावले की एकदम पुस्तकातलं मराठी सुरू होतं. नातीला शाळेतून काढल्याचं त्यांना आखाजीच्या दिवशी कळलं. आखाजी म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. माहेरवाशिणी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. मी आमरस वाढत असताना आबा म्हणाले, "सूनबाई, हा निर्णय मला मान्य नाही." मराठी ऐकूनच सगळ्यांचे हात ताटात थांबले. मग त्यांनी अट घातली. एक वर्ष दिलं. पुढच्या आखाजीला नातीने त्यांच्यासमोर वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. नाही वाचलं, तर जूनमध्ये तिचं नाव शाळेत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाचेल की, असं मी म्हणाले आणि त्यांच्या वाटीत नको इतका रस ओतला.

पावसाळा मजेत गेला. इतका मजेत, की आमच्या लक्षातच आलं नाही. सोमवारी मी मुलांना पाण्याचं चक्र शिकवलं. किटलीत पाणी उकळलं, वाफेवर थंड ताटली धरली, थेंब पडले, मग भजी. मुलं खूश. मंगळवारी प्राध्यापकांनी त्यांच्या घरी पाण्याचं चक्र शिकवलं, काचेच्या भांड्यात, आणि भजी. बुधवारी नर्सताईंना सुट्टी असायची, त्यांनी कुकरच्या वाफेवर पाण्याचं चक्र शिकवलं. गुरुवारी भाऊंनी. सहाही मुलांनी चारही वेळा थेंब पडताना पाहून टाळ्या वाजवल्या, कारण थेंबांनंतर भजी येतात हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्याच्या वावरात जाऊन त्याने काय पेरलं हे विचारायचं नसतं, तशी आम्हीही एकमेकांना तुम्ही काय शिकवलं हे विचारत नव्हतो. भिडस्तपणा म्हणा. बारभाईंचा कारभार म्हणा.

घोडं कुठे पेंड खातंय हे कळलं थंडीत, भाऊंच्या शेतावर. शुक्रवारचा अभ्यास होता भरिताचा. मोठी हिरवी वांगी तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बत्त्याने ठेचायची, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात. मुलांनी काड्या मोजल्या, वांगी वजनानुसार लावली, सगळं शास्त्रशुद्ध. नर्सताईंनी घरून आणलेल्या दोन डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकावर 'मीठ' आणि एकावर चहासाठी 'साखर', ठळक आणि सुवाच्य अक्षरात. भाऊंनी माझ्या मुलीला मीठ आणायला पाठवलं. दोन मोठी मुलं विहिरीकडे गेली होती, म्हणून ती बाकीच्या लहानांना सोबत घेऊन गेली. त्यांनी डब्यांसमोर उकिडवं बसून बराच वेळ चर्चा केली आणि एक डबा आणला. भाऊंनी वीस माणसांच्या भरितात मुठीने साखर टाकली.

खानदेशात लग्नात नवरा पळून गेला तरी माणसं जेवून जातात, पण गोड भरीत कुणी सहन करत नाही. भाऊंच्या शेजारचे शेतकरी घास तोंडात ठेवून बांधापलीकडे गेले ते परत आलेच नाहीत. मी मुलीला विचारलं, डब्यावर लिहिलेलं दिसलं नाही का? ती म्हणाली, झाकण निळं होतं, आपल्या घरी मीठ निळ्या डब्यात असतं. मी चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, हे वाच. ती चिठ्ठीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग म्हणाली, "पाण्याचं चक्र सांगू का?"

मी बाकीच्या तिघांकडे वळले. वाचन कोण घेतंय? भाऊ नर्सताईंकडे बघायला लागले. नर्सताई प्राध्यापकांकडे. प्राध्यापकांनी खिशातून वही काढली, पान उलटलं आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं, कळी हाताने उघडायची नसते, खाली तारीख. तिघांनीही माझं ऐकलं होतं. सहा वर्षांच्या नोकरीत माझं कुणी ऐकलं नव्हतं आणि जिथे ऐकायला नको होतं तिथे तीन घरांनी शब्दन्शब्द पाळला होता. मोठी मुलं शाळेतून येतानाच वाचायला शिकून आली होती, म्हणून ती तरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच मुलीच्या वाट्याला आला होता, आणि आखाजी तीन-साडेतीन महिन्यांवर होती.

मग मी पाटी आणली. माझ्यातल्या ज्या बाईला मी राजीनामा देऊन शाळेत सोडून आले होते, ती आठ दिवसांत माझ्या घरी राहायला आली. सकाळी पाटी, दुपारी पाटी, प आणि फ मधला फरक सांगताना माझा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा. पोरगी माझ्यासारखीच हट्टी. तिने तोंडच मिटलं. एकदा मी तिच्या हातावर फटका मारला आणि तिने शांतपणे दुसरा हात पुढे केला. हे तिला कुणी शिकवलं असेल, तर मीच. मला माझी इतकी लाज वाटली की मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलू शकले नाही. ऊन तापायला लागलं तेव्हा कूलरमध्ये पाणी भरताना तळाला पाटी सापडली. मी ती तिथेच राहू दिली.

आणि मग चमत्कार झाला. नवरा दर पंधरा दिवसांनी मुलीला घेऊन धरणगावला आबांकडे जायचा. एकदा परत येऊन म्हणाला, अगं, ती वाचते की. आबा ओसरीवर बसून तिच्याकडून दर खेपेला पेपर वाचून घेतात, फडाफडा वाचते. मी ऐकलं आणि मला आनंदाने रडू आलं. म्हणजे माझं तत्त्व खरं होतं. कळी आपोआप उघडली होती, फक्त माझ्यासमोर उघडायला लाजत होती. मी सावडीच्या बैठकीत हे तिघांना सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. प्राध्यापकांनी पुन्हा वही काढली. घरी मात्र मी तिला एकदाही वाच म्हणाले नाही. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि ती उघडायची माझी हिंमत नव्हती.

आखाजीला धरणगावचं घर भरलं. माझ्या दोघी नणंदा आल्या होत्या, त्यांची मुलं झोक्यावर. जेवणं झाली, पोळी आणि रसाने सगळे जड झाले, तेव्हा आबांनी ओसरीवर खुर्ची मांडली आणि पेपर मागवला. मुलगी त्यांच्यासमोर पाटावर बसली. आबांनी एक पान काढून तिच्या हातात दिलं. "वाचा," ते म्हणाले. परीक्षा होती म्हणून मराठीत, आणि परीक्षार्थी म्हणून अहोजाहो.

तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. "पारोळा, काल. पारोळ्याच्या किल्ल्याच्या तटावर एक म्हैस चढली. पोलिसांनी म्हशीला खाली उतरण्याची विनंती केली. म्हशीने नकार दिला."

"पुढे," आबा म्हणाले.

पुढे म्हशीच्या मालकाने तिला सरकीची पेंड दाखवली, म्हशीने तीही नाकारली, कारण वरून तिला धुळ्यापर्यंत दिसत होतं. मग कापसाला सगळ्यांना चांगला भाव मिळाल्याची बातमी आली. मग उद्या ऊन पडणार नाही, असं हवामान खात्याने कळवलं. कुठे अडली नाही, कुठे चुकली नाही, विरामचिन्हंसुद्धा ऐकू येत होती. नणंदा कौतुकाने एकमेकींना कोपर मारत होत्या. मी अभिमानाने उठून तिच्या मागे उभी राहिले आणि पानावर नजर टाकली.

पूर्ण पान जाहीर निविदांचं होतं. मोऱ्यांची दुरुस्ती, पाइपांचा पुरवठा, सीलबंद पाकिटं. खाली कोपऱ्यात बनियनची जाहिरात. म्हैस कुठेच नव्हती.

आबा मान डोलावत होते. त्यांनी पान हातात घेतलं, त्यावरून नजर फिरवली, घडी घातली आणि म्हणाले, "उत्तीर्ण." टाळ्या झाल्या. धाकट्या नणंदेने मला पेढा भरवला. मी तो गिळला. मी जिंकले होते, सावड वाचली होती, आता गप्प बसणं एवढंच काम होतं. आणि गप्प बसायला मी अगदी तयार होते, हे कबूल केलं पाहिजे. मग चहा आला. आबांनी कपाकडे हात नेला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाच्या बाजूला, हवेत मिटली. दुसऱ्या खेपेला त्यांनी बशीच्या कडेवरून चाचपत कप पकडला. हे मी वर्षभर पाहत होते आणि म्हातारपण म्हणून सोडून देत होते.

मुलगी झोक्यावर होती. मी झोका धरला आणि विचारलं, आबांना कळलं नाही का, तू मनाचं सांगतेस ते? ती सहज म्हणाली, "आबांना अक्षरं दिसत नाहीत. मला वाचता येत नाही. म्हणून आम्ही दोघं मिळून वाचतो." मग म्हणाली, झोका सोड.

मी झोका सोडला आणि गोठ्याच्या बाजूला आबा एकटे सापडेपर्यंत थांबले. त्यांच्या मुलींसमोर बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, आबा, त्या पानावर निविदा होत्या. ते म्हणाले, म्हैस? मी म्हटलं, म्हैस नव्हती. तिला वाचता येत नाही, चूक माझी आहे. आणि तुम्हाला दिसत नाही. मला वाटलं, आता शुद्ध मराठीत माझं काय होतं ते बघा. पण ते गव्हाणीच्या कडेवर बसले आणि हळूच म्हणाले, "माले ऑपरेशननी भीती वाटस." चाळीस वर्षं मुलांना धीट व्हा म्हणून सांगितलेला माणूस. मी त्यांच्या शेजारी बसले. मला शाळेची वाटते, मी म्हणाले. वर्षभर आम्ही एकमेकांशी भांडत होतो आणि घाबरत होतो मात्र सारखेच.

अट ती अट, असं शेवटी ठरलं. ते धुळ्याला येऊन मोतीबिंदू काढतील आणि जूनमध्ये मुलीचं नाव शाळेत जाईल. देवपुरातल्या शाळेचा अर्ज मी स्वतः आणला, भरला आणि फ्रिजवर चिकटवला. सावडीत सांगितलं तेव्हा नर्सताई फक्त एवढंच म्हणाल्या की आबांच्या डोळ्यात थेंब टाकायला त्या रोज येतील.

ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. पट्टी निघाली तेव्हा आबांना समोरच्या इमारतीवरची टाकी दिसली, टाकीवरचा कावळा दिसला, पण जवळचं काहीच वाचता येईना. जवळचा चष्मा महिना-दीड महिन्याने, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग दुसरा डोळा. पेपराशिवाय आबा म्हणजे नुसती चिडचिड. नवरा कामावर, मी सावडीच्या मुलांत. राहिली नात. काळा चष्मा लावून आबा खुर्चीत बसले, ती समोर पेपर घेऊन बसली आणि म्हणाली, "पारोळा, काल."

"थांब," आबा म्हणाले. आता त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिचे डोळे छताला होते. बातमी छतावर छापलेली नसते, एवढं चाळीस वर्षांच्या अनुभवावर त्यांना कळत होतं. तिनेही खूप प्रयत्न केले. डोळे पेपरवर ठेवून म्हैस सांगून पाहिली, तर डोळे हलत नव्हते म्हणून पकडली गेली. डोळे डावीकडून उजवीकडे हलवत सांगून पाहिली, तर फार भरभर हलवले म्हणून पकडली गेली. आबा एकदाही ओरडले नाहीत. फक्त, मग तिथे काय लिहिलंय, असं विचारायचे, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मी इतकी वर्षं मुलांना विचारत आले ते सगळं मला आधीच माहीत असलेलं. मुलांना ते कळत असणार.

पहिल्या आठवड्यात तिने 'धुळे' वाचलं. दुसऱ्या आठवड्यात 'पाऊस' आणि 'बंद'. अडली की अक्षराचा आकार बोटाने आबांच्या तळहातावर काढायची, ते म्हणायचे हा भ, हा झ. सावडीतली बाकीची लहान मुलंही खुर्चीभोवती बसायला लागली, कारण कुठल्या अक्षराला आबा फसतात हे बघायचं होतं. फ्रिजवरच्या अर्जाची मुदत कधी उलटली, हे मी आबांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एकदा ते अर्धा तास फ्रिजपासून चार पावलं मागे, अर्जाकडे बघत उभे होते. लांबचं त्यांना आता उत्तम दिसत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुसरा डोळाही झाल्यावर, त्यांनी तिच्या हातात एक पान दिलं. मी भाजी निवडत होते. मान वर करायची मला भीती वाटत होती. तिचं बोट हलायला लागलं. "जा-हीर नि-वि-दा," ती म्हणाली. मग मोरीची दुरुस्ती आली, गाव आलं, सीलबंद पाकिटं आली, शेवटची तारीख आली. 'कार्यकारी अभियंता' या शब्दाशी ती बराच वेळ झटली, पण पाय रोवून तो वाचलाच. पूर्ण पाव तास लागला. आबा खुर्चीच्या कडेवर बसून, एका मोरीच्या दुरुस्तीची निविदा जन्मात कुणी ऐकली नसेल अशी ऐकत होते. माझ्या मांडीवरच्या गवारीत माझे अश्रू पडत होते आणि मी ते पुसत नव्हते.

संपल्यावर आबांनी काळा चष्मा काढला. "बठ्ठं बरोबर वाचं," ते म्हणाले, बठ्ठं म्हणजे सगळं. मग जरा चोरून म्हणाले, "पन तुन्ही म्हैस जास्त चांगली व्हती."

तिने पेपरची घडी घातली, आबांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांना धीर दिल्यासारखं सांगितलं, "म्हैस अजून वरच आहे, आबा."